फाटक्या डफाचा जवाब

नत्थूजीला शाहीर म्हणणारे आमच्या विणकरांच्या तांडापेठेत अजून पुष्कळ आहेत. मी त्याला काय म्हणते ते छापता येणार नाही. वयानं तो माझ्याहून मोठा. समोर असला की मी त्याला ‘तुम्ही’च म्हणत असे, महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला तेवढी रीत पाळावी लागते. पण लिहिताना मी त्याला अहो-जाहो करणार नाही. आणि हे लिहिणं त्याच्याबद्दल नाहीच. हे त्याच्या बायकोबद्दल आहे, मैनाबाईबद्दल. तिच्या मागाच्या वर भिंतीला एक फाटका डफ टांगलेला आहे, आणि नवीन माणूस घरात आलं की पहिल्यांदा त्याच्याकडेच बघतं.

त्यांच्या आणि माझ्या घरात एक मातीची भिंत. मीही कोष्ट्याचीच पोर, नवरा लवकर गेला, एकटी राहत होते. भिंतीपलीकडे दिवसभर नत्थूजीचा माग खटखटायचा आणि मैना बाजूला रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. मागाच्या आवाजाचा मला कधी त्रास झाला नाही. माग अवेळी थांबला की मात्र मी भिंतीला कान लावायची, कारण त्यानंतर दुसरा आवाज सुरू व्हायचा. भांडं पडल्याचा, मग माणूस पडल्याचा. मैना ओरडत नसे. लुगड्याचा पदर तोंडात कोंबून मार खायची. तिचं एक पोर पाचव्या महिन्यात असंच गेलं, लाथ बसून. त्यानंतर तिला पोर झालं नाही, आणि त्याबद्दलही तिनंच मार खाल्ला.

मी काय गप्प बसणारी आहे? चौकीवर गेले. जमादार म्हणाला, “घरचं भांडण हाय बाई, तुम्ही कायले पडता त्यात?” मग समाजातले मोठे म्हणून मधुकररावांकडे गेले. ते पान जमवत म्हणाले, “घरोघरी मातीच्या चुली.” मी म्हटलं, चुलीला हाडं नसतात, मधुकरराव. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि माझं त्यात काही नुकसान झालं नाही.

आता डफाची गोष्ट. नत्थूजी कलगी-तुऱ्यातला शाहीर होता, तुऱ्याच्या बाजूचा. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. एका फडानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. आमच्या फडाचा आणि पारशिवनीकडच्या कलगीवाल्यांचा एक जुना करार होता. पहिल्यांदा जो हरेल त्याचा डफ जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर उलटा टांगायचा. वर्षानं त्याच सवालावर पुन्हा बसायचं. त्याही वेळी हरला तर डफाचं चामडं भर सभेत फाडायचं आणि त्या शाहिरानं पुन्हा कधी उभं राहायचं नाही. फाडायचंही हरणाऱ्याच्याच घरच्या माणसानं, म्हणजे दुसऱ्यावर डूख राहत नाही. पण त्याआधी त्याच्या घरादाराला तीनदा पुकारा करायचा. बाई असो, लेकरू असो, घरातल्या कोणीही जवाब दिला तरी डफ वाचतो. नत्थूजीचा डफ त्याच्या बापाचा होता. बायकोपेक्षा त्याला तो प्यारा होता, हे मी चिडून म्हणत नाही, खरंच तसं होतं.

सदुसष्ट सालच्या वैशाखात पारशिवनीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात बैठक झाली. तिथे सवाल-जवाब दुपारीच उरकत, कारण दिवस कलला की वाट धोक्याची. कलगीचा शाहीर चंद्रभान, संत्र्याचा शेतकरी, शांत माणूस. त्यानं सवाल टाकला:

“आईविना जो मातीत वाढला, मुळ्यांचा प्याला रस,
झाडावर चढून सदरा टांगला, पाठीत उसवून कस,
गळा ना त्याले, पोटानं गातो, भर उन्हाचा गाणारा,
सांग गा तुऱ्या, कोण हा शाहीर, जंगल हालवणारा?”

झाडाला टांगलेला सदरा म्हटल्यावर कोष्ट्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? कोसा, रानातलं रेशीम! नत्थूजीनं ताल धरून जवाब दिला, कोशाचा किडा. पोटानं गातो कसा, तर म्हणे आमच्या मागावर त्याचंच रेशीम गातं. सगळं गाव लोळून हसलं. कारण सवालातला किडा त्या क्षणी त्यांच्या डोक्यावरच्या मोहाच्या झाडावर बसून कान फुटेस्तोवर ओरडत होता. रातकिडा नव्हे, रातकिडा अंधाराचा. हा ऐन उन्हाळ्यात दुपारी ओरडतो आणि झाडावर आपली रिकामी कात चिकटवून ठेवतो. जुने संस्कृत कवी झिल्ली म्हणत त्यात हाही आला. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव सिकाडा.

हसणं नत्थूजीला सोसणारं नव्हतं. पुढे बसून हसणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात त्यानं तुणतुणं घातलं. मग काठ्या निघाल्या. मागून सूर धरणारा आमचा झीलकरी केशव समोरचे दात तिथेच ठेवून आला. आणि डफ गेला चंद्रभानच्या घरी, उलटा.

घरी आल्यावर मैनानं विचारलं, कोणता सवाल होता? त्यानं सांगितला. तिच्या तोंडून निघून गेलं, “थो तं आमच्या रानातला किडा होय!” मैनाचं माहेर त्याच भागातलं. बापानं माग सोडून तिकडे संत्र्याची झाडं लावली होती.

“तुझ्या माहेरचा किडा, आन् मी भर सभेत तोंडावर पडलो! काहून नाही सांगितलं वं मले?”

“मले काय माहीत थो सवाल पडन म्हणून?”

माग थांबलेलाच होता. मागाचा दांडा काढून त्यानं तिला मारलं. या वेळी मी भिंतीशी थांबले नाही. लाटणं घेऊन आत गेले आणि त्याच्या पाठीत घातलं. त्यानं मला असं ढकललं की मी दारात जाऊन पडले. मैनाच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं. सायकलरिक्षात घालून मी तिला रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मैना म्हणाली, “मागावर पडली.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, नाहीतर तिथेच शिव्या दिल्या असत्या.

चार दिवसांनी नत्थूजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. आवाज एकदम मऊ.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. त्या किड्याचं जगात जे जे लिहून हाय ते मले वाचून दाखवा. पुढच्या साली असा जवाब देतो का चंद्रभानचे डोळे पांढरे झाले पाहिजे.”

मी म्हटलं, “दाखवते. पण मैनावर हात उचलायचा नाही.”

“नाही उचलत.”

“डफाची आण घ्या.”

डफाचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला. आण घेतली. “आन् डफ परत आला तं जन्मात नाही उचलत,” हे त्यानं आपणहून जोडलं. मी त्यावर विश्वास ठेवला. डफ आला म्हणजे मैना सुटली, असा माझा हिशेब होता. मैनाला सांगितलं तर तिनं नुसती मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं.

वर्षभर मी वाचनालयं धुंडाळली, एका कॉलेजातून इंग्रजी पुस्तकं मिळवली. सुट्टीच्या दिवशी त्याच्या मागाशी बसून वाचायची, मराठीत सांगायची. आणि खरं सांगते, त्या किड्यानं मलाच वेड लावलं. केवढ्या देशांनी त्याच्यावर जीव टाकला आहे! ग्रीक लोक सांगत, हे पूर्वी माणसं होते. जगात पहिल्यांदा गाणं आलं तेव्हा ते इतके नादावले की खाणंपिणं विसरले आणि गात गात मेले. गाण्याच्या देवींनी त्यांचे किडे केले, आता भूक नाही, नुसतं गाणं. त्यांचीच दुसरी गोष्ट, उषादेवीनं आपल्या प्रियकरासाठी अमरपण मागितलं आणि तारुण्य मागायचं विसरली. तो वाळत वाळत गेला, शेवटी नुसता आवाज उरला, तोच हा किडा. चीनमध्ये हिरव्या दगडाचा किडा कोरून मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवत, मातीतून हा जसा वर येतो तसं माणूसही येईल म्हणून. जपानात कवींनी त्याच्या रिकाम्या कातेवर कविता केल्या, निघून गेलेल्या बाईनं मागे टाकलेल्या वस्त्रासारखी ती कात.

रहाटाशी मैना ऐकत असे. चिनी किड्याचं ऐकून म्हणाली, “मेल्यावर जिभेवर ठेवून काय फायदा बाई? जित्तेपणी बोलू देत नाही तं?” जपानी कातेचं ऐकून हसली. लहानपणी पोरी त्या काता गोळा करून चोळीवर चिकटवत, त्यांच्या पायांचे आकडे कापडात रुततात आणि दागिन्यासारख्या त्या बसून राहतात. मैनाला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नत्थूजी म्हणाला, “दात काय काढून राहिली?” तिनं पदर तोंडाला लावला.

एके दिवशी मी शास्त्राचं पुस्तक नेलं. नराच्या पोटाला दोन्ही अंगांना चामड्यासारख्या चकत्या असतात, त्या वाजवून तो ओरडतो. हे नत्थूजीला फार आवडलं, “म्हणजे डफवालाच होय थो!” मादीला त्या चकत्या नसतात, ती मुकी. त्यावर पुस्तकात एका जुन्या ग्रीक विनोदवाल्याची थट्टा दिली होती, की हे किडे किती सुखी, यांच्या बायकांना आवाजच नाही. नत्थूजी पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात मांडीवर थाप मारून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मी पुढे वाचलं. मादी गात नाही, पण तिच्या पोटाखाली करवतीसारखी नळी असते. तिनं ती कोवळी फांदी ओळीनं चिरते आणि त्या चिरांत अंडी घालते. चिरलेली फांदी पुढे वाळून जाते.

“थे सोडा बाई,” नत्थूजी उठून तंबाखू मळायला लागला. “बाईचं काय घालायचं गाण्यात!”

तो बाहेर गेला. रहाट थांबला होता. मैना म्हणाली, “काय म्हणलं बाई? पुन्हा वाचा बरं.”

मी पुन्हा वाचलं.

“आमच्या संत्र्याच्या फांद्यांवर असे चिरे राहत,” ती सावकाश म्हणाली. “ओळीनं. बाप म्हणे, कोणीतरी जळते आपल्यावर, सुरीनं कापून जाते. म्हणजे थे हिचे होते?”

“हिचेच.”

“आन् लोक म्हणते मुकी,” मैना म्हणाली आणि रहाट फिरवायला लागली.

तीन देशांचं साहित्य मी त्या माणसापुढे ओतलं, आणि त्यानं उचललं काय, तर बायको मुकी! मला इतका संताप आला होता की घरी येऊन मी पुस्तक भिंतीवर आपटलं. वाचनालयाचं होतं, कोपरा दुमडला.

अडुसष्टच्या वैशाखात आम्ही एसटीनं पारशिवनीला आणि पुढे बैलगाडीनं त्या गावी गेलो. मैना माहेरच्या ओढीनं आली, मी मैनासाठी. दुपार, मोहाची झाडं, आणि त्या किड्यांचा असा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागे. मधे पाटावर तो डफ, शेजारी एक सुरी आणि लिंबू. आम्ही बायकांत पुढे बसलो.

नत्थूजीनं जवाब दिला, आणि कबूल करते, झकास दिला. ग्रीक, चिनी, जपानी सगळे त्यानं तुऱ्याच्या चालीत बांधले होते. लोकांनी फेटे उडवले. चंद्रभाननं स्वतः डफ उचलून त्याच्यापुढे धरला. तो घेऊन खाली बसला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण बसेल तो नत्थूजी कसला! डफ हातात येताच त्यानं कलगीवाल्यांच्या तोंडासमोर नाचवला आणि गायला:

“धन्य तो किडा, सुखी तो संसारी, गातो उन्हाच्या पारी,
बायको मुकी, सवाल ना पुसे, स्वर्ग तयाच्या घरी!”

गायला मैनाकडे बघून. लोक हसले, आमच्या बाजूचे जास्त. पण हा शक्तीचा अपमान होता, कलगीवाले उठले. चंद्रभाननं हात वर करून त्यांना बसवलं आणि डफ परत पाटावर ठेवायला सांगितला. जवाबात नवं टोक काढलं तर त्यावर पोटसवाल टाकायचा हक्क असतो. त्यानं टाकला:

“नर तं गातो पोट वाजवून, ऐकते सारं रान,
त्याची अस्तुरी गुमान बसते, धरून हिरवं पान,
गाणं ना तिले, वाद्य ना तिले, मग तिले दिलं काय?
सांग गा तुऱ्या, झाडावर बसून मादी करते काय?”

नत्थूजी अडकला. मला दिसलं, त्याला आठवतच नव्हतं, कारण त्यानं ऐकलंच नव्हतं. मग तो छाती काढून म्हणाला, “मुकी काय करन? मार खाते, आन् काय!”

पुन्हा हसू झालं. माझ्या शेजारी मैनाचा हात तिच्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

“जवाब चुकला,” चंद्रभान म्हणाला.

पुकारा झाला. “नत्थूजीच्या घरचं कोणी हाय का जवाब देणारं?” मी मैनाच्या कानात ओरडले, “बोल! तुला येतं. डफ वाचव, तुझा मार चुकेल.” ती हलली नाही. दुसरा पुकारा झाला. नत्थूजीला घाम फुटला होता. बायको पुस्तकाच्या वेळी रहाटाशी असायची हे त्याला आता आठवलं.

“ए मैना! माहीत असन तं बोल वं! काहून मुक्यासारखी बसली?”

तिसरा पुकारा झाला तेव्हा मैना उठली. सगळी सभा तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिनं तोंड उघडलं नाही. पाटापर्यंत गेली. सुरी उचलली. डफ पाटावर धरला आणि चामड्याला टोक लावून एक लहान चीर दिली, तिरपी. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. घाई नाही, एका ओळीत, सारख्या अंतरावर, कडेपासून कडेपर्यंत. नत्थूजी ओरडत होता, “अवं मेली तू! मेली!” त्याला वाटत होतं ती रीतीप्रमाणे हरलेला डफ फाडते आहे. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

चंद्रभान सोडून. संत्र्याच्या फांदीवर त्यानं ती ओळ आयुष्यभर पाहिलेली. तो जवळ आला, चिरांवरून बोट फिरवलं आणि खड्या आवाजात म्हणाला, “जवाब बरोबर हाय. मादी फांदी चिरते. नत्थूजीच्या घरून जवाब आला. तुरा जितला!”

म्हणजे नत्थूजी जिंकला होता, आणि जिंकलेला डफ चिरून पडला होता. मग कोणीतरी मोठ्यानं हसलं.

ते हसू ऐकून नत्थूजीनं झेप घेतली. मैनाचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं आणि डफाचं लाकडी कडं तिच्या डोक्यात घातलं. एकदा, दोनदा. तिच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा तिनं न बघताच सुरी फिरवली. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपराकडे उभी चीर गेली, आतलं पांढरं दिसलं, मग लाल झालं. तो गुरासारखा हंबरला. तिचं डोकं फुटत होतं तेव्हा एक माणूस जागचा हलला नव्हता. याचं रक्त दिसताच पाच-सहा जण तिला धरायला धावले. मी मधे उभी राहिले आणि हातात सापडलं ते तुणतुणं उगारून म्हटलं, “घरचं भांडण आहे. तुम्ही कायले पडता त्यात?” मधुकररावही आले होते. त्यांनी मान खाली घातली. चंद्रभाननं आम्हाला न्यायला आपली बैलगाडी जुंपली.

रामदासपेठेतले डॉक्टर तेच. आधी मैनाचं कपाळ शिवलं. मग नत्थूजीचा हात उघडून त्यांनी विचारलं, “हे कसं झालं?” नत्थूजीनं तोंड उघडलं. बायकोनं कापलं, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. मैना भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती.

“मागावर पडले,” मी म्हणाले.

हाताच्या आतल्या शिरा तुटल्या होत्या. जखम भरली, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. डफ धरता येईना, मागावर धोटा फेकता येईना. मागावर मैना बसली आणि नत्थूजी रहाटाशी, डाव्या हातानं कांड्या भरायला. तिनं तो फाटका डफ भिंतीला टांगला, सुलटा. पुढे हातमाग बंद पडत गेले, पेठेतले कितीतरी जण सायकलच्या दुकानात, गिरणीत, रिक्षावर गेले. मैना मात्र बहात्तरच्या दुष्काळातही विणत होती आणि अजूनही, हे ब्याऐंशी साल, विणते आहे. इतवारीच्या बाजारात तिच्या लुगड्याच्या काठाला गिऱ्हाईक आहे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या महिन्यातलं. दुपारची वेळ होती. मी वह्या तपासत होते आणि भिंतीपलीकडचा माग अवेळी थांबला. लाटणं घेऊन उठले. पलीकडे नत्थूजी शिव्या देत होता, कांडी तुटली की काय झालं होतं, आणि रहाट ढकलून उभा राहिल्याचा आवाज आला. मग त्याची दोन पावलं.

आणि मग मैनाचा आवाज. ओरडून नाही, मागाच्या खड्ड्यातून न उठता.

“डावा बी हाय अजून तुमचा.”

पावलं थांबली. मग रहाट कुरकुरला, आणि त्यापाठोपाठ माग सुरू झाला.